माल सीमेपलीकडे गेला, व्हॅट कोणी लावायचा?

१ जानेवारी १९९३ रोजी युरोपीय समुदायातल्या (आजच्या युरोपीय संघाचं आधीचं रूप) १२ देशांनी आपसातल्या सीमांवरची कराची तपासणी बंद केली. त्याआधी जर्मनीतून फ्रान्सला निघालेला ट्रक सीमेवर थांबायचा आणि कागदांवर शिक्का बसायचा. त्या एका शिक्क्यात दोन कामं व्हायची. माल देशाबाहेर गेल्याचा पुरावा जर्मन विक्रेत्याला मिळायचा, आणि फ्रेंच व्हॅटचा हिशेब तिथेच सुरू व्हायचा. पुढे शिक्का गेला, पण ती दोन कामं कुठे गेली नाहीत. त्यातलं पुरावा जमवण्याचं काम विक्रेत्याच्या गळ्यात पडलं. युरोपात माल विकताना व्हॅट किती टक्के लावायचा, असं मला लोक विचारतात. टक्केवारी कोणीही शोधून सांगेल. माल कुठून कुठे गेला, तो कोणी घेतला, आणि उद्या कर अधिकाऱ्याने विचारलं तर हे सगळं दाखवणार कशावरून, हे आधी ठरवायला लागतं.

तत्त्व सोपं आहे. वस्तू जिथे वापरली जाणार, कर त्या देशाचा. युरोपीय आयोगाच्या मनात मात्र वेगळंच होतं. १९८७ मध्ये त्याने सुचवलं की विक्रेत्याने सरळ आपल्याच देशाचा व्हॅट लावावा आणि सरकारांनी नंतर आपसात क्लिअरिंगने हिशेब मिटवावा. व्यापाऱ्याला याहून सोयीचं काय असणार? पण अर्थमंत्र्यांना ते पटलं नाही. आपल्या तिजोरीचा पैसा आधी दुसऱ्याच्या तिजोरीत जाणार आणि मग तो मागून घ्यायचा, याला कोण राजी होईल! म्हणून एक तात्पुरती व्यवस्था आणली, १९९६ अखेरपर्यंतची. तिने आता तिशी ओलांडली आहे.

या व्यवस्थेत खरेदीदार कोण यावरून दोन वाटा फुटतात. आधी व्यापारी ते व्यापारी घेऊ. नेदरलँड्समधला विक्रेता बेल्जियममधल्या कंपनीला १०,००० युरोची यंत्रं विकतो. बीजकावर व्हॅट नाही. बेल्जियन कंपनी आपल्या विवरणपत्रात २१ टक्क्यांनी २,१०० युरो देय दाखवते आणि त्याच विवरणपत्रात २,१०० ची वजावट घेते. वजावट म्हणजे खरेदीवरचा व्हॅट आपल्या देय करातून कापून घेणं. तिचा पूर्ण हक्क असेल तर एक पैसा हलत नाही.

विक्रेत्याला ही करमाफी मिळते ती अटींवर. खरेदीदाराने दुसऱ्या सदस्य देशाचा वैध व्हॅट क्रमांक द्यायला हवा, माल खरोखर त्या दुसऱ्या देशात जायला हवा, आणि विक्रेत्याने आपल्या कर खात्याला द्यायच्या यादीत ती विक्री दाखवायला हवी. क्रमांकाची अट पूर्वी निव्वळ औपचारिक मानली जायची. १ जानेवारी २०२० पासून ती मूळ अट झाली, म्हणजे क्रमांक नसेल तर माफीच नाही. आयोगाच्या व्हीआयईएस प्रणालीवर क्रमांक तपासता येतो. तो प्रत्येक मोठ्या ऑर्डरच्या वेळी तपासावा आणि तपासल्याची तारखेसह प्रत फाइलला लावावी. गेल्या वर्षी चालू असलेला क्रमांक आज रद्द झालेला असू शकतो. जाता जाता, ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे आता मँचेस्टरला माल पाठवणं ही निर्यात आहे. पण उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या कंपनीचा क्रमांक ‘एक्सआय’ने सुरू होत असेल तर मालापुरते जुनेच युरोपीय नियम लागतात.

माल खरोखर गेला का, या अटीवर एक खटला सांगण्यासारखा आहे. टेलिओस आणि इतर काही ब्रिटिश कंपन्यांनी एका स्पॅनिश कंपनीला मोबाइल फोन विकले. माल ब्रिटनमधल्याच एका गोदामात खरेदीदाराच्या ताब्यात दिला, पुढची वाहतूक खरेदीदाराची. काही दिवसांनी विक्रेत्यांना सही-शिक्क्याची वाहतूक चिठ्ठी मिळायची, ज्याला तिकडे सीएमआर म्हणतात. त्यावर विसंबून त्यांनी व्हॅट लावला नाही, खात्यानेही आधी ते मान्य केलं. मग तपास झाला. काही चिठ्ठ्यांवरचं ठिकाण खोटं होतं, काही वाहतूकदार अस्तित्वातच नव्हते, आणि नोंदवलेल्या गाड्यांपैकी काही असला माल नेण्याजोग्याच नव्हत्या. खात्याचा निष्कर्ष असा की फोन ब्रिटनबाहेर गेलेच नाहीत. विक्रेते या लबाडीत सामील नव्हते हे खात्यालाही कबूल होतं, तरी व्हॅट मागितला तो त्यांच्याकडेच.

युरोपीय न्यायालयाचा निकाल २७ सप्टेंबर २००७ ला आला. त्याला दोन बाजू आहेत आणि लोक सोयीची तेवढी सांगतात. पहिली, माल प्रत्यक्ष देशाबाहेर गेला तरच माफी, नुसता इरादा चालत नाही. दुसरी, विक्रेता सद्भावनेने वागला असेल, त्याने आपल्या हातातली सगळी वाजवी काळजी घेतली असेल आणि सकृद्दर्शनी योग्य वाटणारे पुरावे दिले असतील, तर नंतर फसवणूक उघड झाली म्हणून त्याच्याकडून कर वसूल करता येणार नाही. ही ‘वाजवी काळजी’ किती, यावर त्यानंतर वकिलांची चांगली सोय झाली.

२०२० पासून पुराव्याचा एक ठरलेला संच आहे. एकमेकांशी विसंगत नसलेले दोन कागद हवेत. ते वेगवेगळ्या पक्षांकडून आलेले असावेत आणि ते पक्ष खरेदीदार व विक्रेता दोघांपासून स्वतंत्र असावेत. सही असलेला सीएमआर आणि वाहतूकदाराचं बिल, असं काही. किंवा यातला एक कागद आणि जोडीला वाहतुकीची विमा पॉलिसी, भाडं चुकवल्याची बँकेची नोंद, नाहीतर तिकडच्या गोदामाची पोच. गोम अशी की सीएमआर आणि बिल बहुधा एकाच वाहतूकदाराकडून येतात, आणि मग ते दोन स्वतंत्र पुरावे ठरत नाहीत. खरेदीदाराने स्वतः माल उचलला असेल तर त्याचं लेखी निवेदनही लागतं, पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत. संच पूर्ण नसला म्हणून माफी आपोआप जात नाही, देशाच्या आपल्या नियमांनुसार इतर पुरावे देता येतात. तरीही कारखान्याच्या दारात माल ताब्यात द्यायचा आणि बिनव्हॅटचं बिल फाडायचं, हा व्यवहार मला धोक्याचा वाटतो. वाहतूक आपल्या हातात ठेवा, भाडं थोडं जास्त गेलं तरी चालेल.

खातं इतकं संशयी का, तेही समजून घ्या. एखादी कंपनी दुसऱ्या देशातून बिनव्हॅटचा माल आणते, आपल्या देशात व्हॅट लावून विकते, गिऱ्हाइकाकडून व्हॅट घेते आणि सरकारजमा न करता गायब होते. पुढचा खरेदीदार मात्र त्याच व्हॅटची वजावट मागतो. तोच माल परत सीमेपार पाठवून फेरी पुन्हा सुरू. फोन, चिपा असा लहान आणि महाग माल त्याला उत्तम. नोव्हेंबर २०२२ मध्ये युरोपीय अभियोक्ता कार्यालयाने ‘अ‍ॅडमिरल’ नावाची कारवाई केली, तेव्हा घोटाळ्याचा अंदाज २२० कोटी युरोंचा होता. सुरुवात झाली होती पोर्तुगालच्या कोइंब्रा शहरातल्या कर अधिकाऱ्यांनी मोबाइल विकणाऱ्या एका कंपनीची चौकशी केली तिथून.

आता दुसरी वाट, घरगुती ग्राहक. त्याला व्हॅट क्रमांक नाही, तो विवरणपत्र भरत नाही, म्हणून कर विक्रेत्यानेच घ्यायचा. पूर्वी प्रत्येक देशाची वेगळी मर्यादा होती, ३५,००० किंवा १,००,००० युरोंच्या आसपास. १ जुलै २०२१ पासून सगळ्या देशांची मिळून मर्यादा एकच, वर्षाला १०,००० युरो. ती ओलांडणारी जी विक्री असेल, तिच्यापासूनच ग्राहकाच्या देशाचा दर लागतो. वर्ष संपायची वाट बघायची नाही.

याचा किमतीवर काय परिणाम होतो ते बघा. जर्मनीतला विक्रेता एक दिवा २३८ युरोंना विकतो, १९ टक्के व्हॅट धरून. त्याच्या हातात राहतात २०० युरो. संकेतस्थळावर किंमत तीच ठेवून डेन्मार्कला विकला तर दर २५ टक्के, हातात १९०.४० युरो. हंगेरीला २७ टक्के, म्हणजे १८७.४०. लक्झेंबर्गला १७ टक्के, तिथे उलट २०३.४२. नफा १० टक्क्यांचा असेल तर हंगेरीच्या पार्सलात त्यातला अर्ध्याहून जास्त उडाला. पुष्कळ दुकानदार हे हिशेबनीसावर सोडतात. खरं तर हे किंमत ठरवणाऱ्याचं काम आहे.

कर भरायला मात्र बाकीच्या २६ सदस्य देशांत नोंदणी लागत नाही. आपल्या देशात ओएसएस (वन-स्टॉप शॉप) या एकाच खिडकीवर नोंदणी करायची, तिमाहीला एक विवरणपत्र द्यायचं, आपलं खातं पैसे वाटून देतं. नोंदी १० वर्षं ठेवाव्या लागतात. खरेदीवर भरलेल्या व्हॅटची वजावट या विवरणपत्रात मिळत नाही, हे नवशिक्याला उशिरा कळतं.

युरोपबाहेरून येणाऱ्या पार्सलांचं थोडक्यात. २२ युरोंपर्यंतच्या आयातीला असलेली व्हॅटमाफी त्याच दिवशी, १ जुलै २०२१ ला गेली. १५० युरोंपर्यंतच्या पार्सलासाठी आयओएसएस ही आयातीची तशीच खिडकी आहे, ज्यात विक्रेता विकतानाच व्हॅट घेतो आणि दर महिन्याला भरतो. विक्री बाजारपेठेसारख्या संकेतस्थळावरून झाली तर कायदा त्या संकेतस्थळालाच विक्रेता मानतो. आयओएसएस क्रमांक नसलेल्या पार्सलाचा व्हॅट कुरियरवाला ग्राहकाच्या दारात मागतो, वर आपला आकारही लावतो, आणि शिव्या विक्रेत्याला पडतात. आयोगाच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये अशी कमी किमतीची सुमारे ४६० कोटी पार्सलं आली, म्हणजे दिवसाला १ कोटी २० लाखांच्या घरात. माणसांनी तपासण्याचं हे काम उरलेलं नाही.

पुढे काय येतंय? ११ मार्च २०२५ ला मंजूर झालेल्या सुधारणांनुसार १ जुलै २०३० पासून एका सदस्य देशातून दुसऱ्यात होणाऱ्या व्यापारी ते व्यापारी विक्रीचं बीजक इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच, साधारण १० दिवसांच्या आत करावं लागेल, आणि तपशील तेव्हाच खात्याकडे जाईल. विक्रेता खात्याला देतो ती विक्रीची यादी आज महिन्याने किंवा तिमाहीने जाते, आणि गायब होणाऱ्या कंपन्यांचं त्या मधल्या काळात फावतं. ट्रक पोहोचला का, हे मात्र त्या अहवालातून कळणार नाही.

मला जास्त उपयोगाचा वाटतो तो १ जुलै २०२८ चा बदल. आज जर्मन विक्रेत्याने पोलंडच्या गोदामात आपलाच माल नेऊन ठेवला, तर काहीही विकलं नसताना तो करपात्र व्यवहार धरला जातो आणि पोलंडमध्ये नोंदणी करावी लागते. १०,००० ची मर्यादाही पोलंडमधून निघणाऱ्या पार्सलांना लागत नाही. २०२८ पासून स्वतःच्या मालाची ही हलवाहलव एकाच खिडकीवर दाखवता येईल. तोपर्यंत, गोदामवाल्याने कितीही घाई केली तरी, आधी पोलंडचा व्हॅट क्रमांक घ्यायचा आणि मगच माल हलवायचा.