गोळी बदलण्याआधी जुनी चिठ्ठी

अध्यक्षमहाशय आणि मित्रहो,

पत्रिकेत विषय छापलाय तो असा : 'हिपॅटायटिस बी : औषधाला न जुमानणाऱ्या विषाणूवर उपचार'. हिपॅटायटिस बी म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या बी विषाणूचा आजार. एवढ्या कोरड्या विषयाला निम्मं सभागृह भरावं, हे पुण्यातच घडतं. काही मंडळी पुढच्या गाण्याच्या कार्यक्रमासाठी जागा धरून बसली आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांचंही स्वागत.

उपचारांकडे येतोच, पण आधी माझं एक जुनं गाऱ्हाणं. आपण पुणेकर कागद जपणारी माणसं. १९८७ सालचं लाइटबिल मागा, प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून देऊ, वर 'झेरॉक्स करून परत आणा' म्हणून बजावू. पण डॉक्टरची चिठ्ठी? 'बरं वाटलं, टाकून दिली!' माझा सगळा व्याप या टाकून दिलेल्या चिठ्ठीपायी होतो.

भोसरीला लेथवर काम करणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले. या विषाणूवरची एन्टेकाव्हिर नावाची गोळी चालू होती. आधी रक्तातला विषाणू छान कमी झाला होता, मग हळूहळू चढायला लागला. मी नेहमीचा प्रश्न विचारला, गोळी चुकते का? त्यांच्या आधी वहिनीच बोलल्या, "छे हो डॉक्टर! नऊची मालिका संपली की मी हातावर ठेवते." आता ही गोळी जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या खाण्याच्या दोन तास आधी घ्यायची. म्हणून विचारलं, जेवता कधी? "सातला. मालिकेच्या आधी आवरलेलं बरं." म्हणजे तिथेही खोट नाही. मालिकांचा एवढा शास्त्रीय उपयोग मी प्रथमच पाहिला.

याआधी कधी काही औषध घेतलं होतं? "काही नाही. कावीळ झाली तेव्हा गावाला माळ घातली होती, तेवढंच."

माळ! आता हे मला सोडवत नाही. झाडपाल्याच्या काड्यांची माळ डोक्यावर ठेवतात, काड्या सुकल्या की गाठी सैल पडतात, माळ लांबते आणि गळ्यात उतरते. कावीळ उतरली! दुसरा प्रकार चुन्याच्या पाण्याचा. हातांना आधी लावलेला रस चुन्याने पिवळा पडतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, अंगातलं पिवळं निघालं. दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते, त्याचं श्रेय माळेला जातं. ज्या शहरातल्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत ई वर एवढं काम झालं, तिथूनही लोक गाडी करून माळ घालायला जातात. आणि बी अंगात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून असतो, त्याला माळेशी काही देणंघेणं नाही.

असो. पंधरवड्याने त्यांच्या मेहुण्याचा फोन आला. सासवडच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत औषधाच्या दुकानाची जुनी बिलं सापडली : लॅमिव्ह्यूडिन, १०० मिलिग्रॅम. म्हणजे याच विषाणूवरचं जुनं औषध. वर्षभर घेतलं होतं! ताकदीची गोळी समजून घेतलं, बरं वाटलं, सोडलं, विसरले. पण विषाणू विसरला नव्हता.

तो का विसरत नाही ते सांगतो. हा विषाणू रोज अब्जावधी नकला काढतो आणि नक्कल तपासून बघायची सोय त्याच्या विकराकडे, म्हणजे नकला काढणाऱ्या एन्झाइमकडे, नाही. त्यामुळे चुका होतात आणि औषध चालू असताना एखादी चूक त्याच्या पथ्यावर पडते. लॅमिव्ह्यूडिन १९९८ साली हिपॅटायटिस बी साठी आलं, तेव्हा केवढा आनंद झाला होता! एकट्याने पाच वर्षं दिलं, तर साधारण ७० टक्के रुग्णांत विषाणू त्याला दाद देईनासा होतो. बदल मुख्यतः विकराच्या २०४ क्रमांकाच्या जागी. गोळी बंद केली की मूळचा विषाणू पुन्हा वरचढ होतो, तपासणीत बदललेला दिसतही नाही. पण यकृताच्या पेशीच्या केंद्रकात डीएनएच्या कड्यांमध्ये त्याची प्रत जपलेली असते. एन्टेकाव्हिरला हरवायला अनेक बदल एकत्र लागतात. पूर्वी काहीच न घेतलेल्यांत पाच वर्षांनी हे जेमतेम एक टक्क्यात घडतं. लॅमिव्ह्यूडिनला आधीच न जुमानणाऱ्यांत जवळजवळ निम्म्यांत. जिन्याच्या दोन पायऱ्या तो आधीच चढून बसलेला असतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं! बरं, मग भराभर.

विषाणूचं प्रमाण आधीच्या नीचांकाच्या दहापट झालं, तर ती धोक्याची सूचना. एसजीपीटी, म्हणजे यकृताची सूज दाखवणारी रक्ततपासणी, वाढायची वाट पाहू नका, ते मागाहून वाढतं. आधी गोळ्या खरंच घेतल्या जातात का ते बघा, तपासणी पुन्हा करा. आता नावं येतील ती सगळी याच विषाणूवरच्या गोळ्यांची. लॅमिव्ह्यूडिन, टेल्बिव्ह्यूडिन किंवा एन्टेकाव्हिर निकामी झालं, तर टेनोफोव्हिर. अ‍ॅडेफोव्हिर निकामी झालं आणि पूर्वी लॅमिव्ह्यूडिन घेतलेलं नसेल, तर एन्टेकाव्हिरही चालतं. म्हणून चिठ्ठी हवी! अनेक औषधं हरली असतील, तर टेनोफोव्हिर एकटं किंवा एन्टेकाव्हिरच्या जोडीने. कोरियातल्या चाचण्यांत एकट्याचा निकाल जोडीइतकाच आला. भोसरीच्या गृहस्थांना टेनोफोव्हिर एकटंच दिलं, काही महिन्यांत विषाणू दिसेनासा झाला.

टेनोफोव्हिरचे दोन प्रकार. जुन्या ३०० मिलिग्रॅमच्या गोळीत मूत्रपिंड आणि हाडांवर लक्ष ठेवा, क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाची रक्ततपासणी करत राहा. नवी २५ मिलिग्रॅमची, जिला थोडक्यात टीएएफ म्हणतात, या बाबतीत सौम्य. वय झालेल्यांना मी तीच देतो. उपचार सुरू करण्याआधी एचआयव्हीची तपासणी करा, कारण यातली काही औषधं त्याच्यावरही चालतात आणि अर्धवट उपचारांनी तोही निगरगट्ट होतो. 'रिपोर्ट चांगला आला' म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका, यकृताचा दाह उसळतो, सिरॉसिस, म्हणजे यकृत कडक होऊन आक्रसणं, असेल तर जिवावर बेततं. विषाणू दिसत नसला, तरी सिरॉसिसवाल्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायचीच. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही औषधं सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात, लाजू नका. घरातल्या सगळ्यांची तपासणी करा आणि गरज असेल त्यांना लस टोचून घ्या.

तबलजी आलेले दिसतात. प्रश्न बाहेर, चहाच्या टेबलापाशी.