पिवळ्या रेषेच्या आत

कोपरखैरणे. दुपारची शाळा भरायला दहा मिनिटं आहेत. गेटबाहेरच्या रस्त्यावर एक पिवळी रेषा दिसते. पावसाने फिकटलेली, रिक्षांच्या चाकांनी अर्धी पुसलेली. शाळेपासून 100 यार्ड, म्हणजे साधारण 91 मीटर. या अंतरात तंबाखू, सिगारेट विकायला 2003 च्या कायद्याने बंदी आहे. टपरी रेषेच्या पलीकडे आहे. पण 18 वर्षांखालच्या मुलाला सिगारेट विकणं तिथेही गुन्हाच.

आठवी ‘ब’च्या वर्गात आज पोलीस मॅडम आल्या आहेत. खाकी दिसताच वर्ग चिडीचूप.

नवी मुंबई पोलिसांनी जानेवारी 2025 मध्ये नशामुक्तीची मोहीम हाती घेतली, शाळा-कॉलेजांपर्यंत नेली. पोलिसांनी वर्गात शिकवायचं, ही कल्पना त्याहून बरीच जुनी. लॉस एंजेलिसमध्ये 1983 साली असा कार्यक्रम सुरू झाला आणि अमेरिकाभर पसरला. पुढे अभ्यासकांनी तपासलं, तेव्हा मुलांच्या नशेत फारसा फरक पडलेला दिसला नाही. भाषण ऐकून मूल घाबरतं, पण मित्राने पुडी पुढे केली की काय बोलायचं, ते त्याला सुचत नाही.

मॅडम टोपी काढून टेबलावर ठेवतात आणि पहिल्या बाकावर मुलींना जरा सरकायला सांगून तिथेच बसतात.

“समज, क्लासवरून येताना ओळखीचा दादा म्हणाला, एक झुरका मार, काही होत नाही. काय म्हणशील?”

“आई वास घेते म्हणेन.”

वर्ग हसतो. मॅडमही हसतात. “चालेल की! आईचं नाव पुढे कर आणि तिथून नीघ.”

मग मागच्या बाकावरून, मान खाली घालूनच, एकजण विचारतो, “मॅडम, मित्राचं नाव सांगितलं तर त्याला आत टाकणार?”

याच प्रश्नासाठी पोलिसांनी वर्गात यायला हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

“नाही रे बाळा. त्याला डॉक्टरकडे न्यायचं. आम्हाला पाहिजे तो त्याला माल देणारा.”

2015 च्या बाल न्याय कायद्यात मुलांना दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

फळ्यावर मॅडम दोन नंबर लिहितात. व्यसनातून बाहेर पडायला मदत हवी असेल तर 14446. कुणी अमली पदार्थ विकताना दिसलं तर 1933. मागच्या बाकावरचा मुलगा पहिला नंबर वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतो.

“पुढच्या मंगळवारी येते,” मॅडम टोपी उचलत म्हणतात. “याच तासाला.”