कादंबरी चौथ्या प्रकरणापाशी का अडते?

नमस्कार! कादंबरीची पहिली तीन प्रकरणं लिहून ठेवलेली माणसं मला सतत भेटतात. ती प्रकरणं चांगलीही असतात. असणारच, दर रविवारी काढून तीच घासूनपुसून लख्ख केलेली असतात ना! चौथं प्रकरण मात्र अजून यायचंय.

आज त्या चौथ्या प्रकरणाबद्दल बोलू या.

आधी हिशोब.

(स्क्रीनवर: 300 × 5 × 40 = 60,000)

रोज 300 शब्द, आठवड्यातले पाच दिवस, चाळीस आठवडे. झाले साठ हजार शब्द, म्हणजे बऱ्यापैकी ऐसपैस कादंबरी. इंग्रजीतल्या सल्ल्यांमध्ये रोज हजार-दोन हजार शब्दांचे आकडे दिसतात, त्यांनी दबून जाऊ नका. आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तेवढाच मजकूर मराठीत कमी शब्दांत मावतो.

म्हणजे 300 शब्द लिहिणं फारसं अवघड नाही. अवघड आहे ते रोज बसल्यावर पहिलं वाक्य सुचणं. काल कुठे होतो, ही बाई चिडली होती की रडत होती, हे आठवण्यातच अर्धा तास जातो. मग मोबाईल हातात येतो, आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

अँथनी ट्रोलप हा 19व्या शतकातला ब्रिटिश कादंबरीकार. नोकरी टपाल खात्यात. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांना 250 शब्द लिहायचा. 47 कादंबऱ्या लिहिल्या त्याने! लोक त्या घड्याळाचंच कौतुक करतात. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: बसल्यावर पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचं लिखाण वाचायचा. कथेचा सूर कानात बसला की मगच पुढे.

आपण याच्या जोडीला आणखी एक करायचं. थांबताना प्रसंग पूर्ण करायचा नाही. समजा, रात्री उशिरा दारावरची बेल वाजली. बाहेर धाकटा भाऊ आहे आणि तो जमिनीचे कागद मागणार आहे, हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. हात सळसळतोय. तिथेच थांबा! खाली एक ओळ टाका: "भाऊ आत येतो, आधी पाणी मागतो, मग कागद." उद्या सुरुवात कुठून करायची, हा प्रश्नच उरत नाही. प्रकरण संपवून समाधानाने उठलात, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरं पान.

आता मागे वळण्याचा मोह. बाराव्या प्रकरणात तुमच्या लक्षात येतं, की भावाऐवजी बहीण असती तर कथा जास्त रंगली असती. तर तेराव्यापासून बहीणच लिहा, जणू ती पहिल्या पानापासून तिथेच होती. मागे जाऊन दुरुस्त करत बसू नका, कारण पुढे कदाचित ती बहीणही नको होईल. चौकटी कंसात नोंद करा: "भावाची बहीण करणे." तारीख तपासायची आहे, गावाचं नाव सुचत नाहीये? तेही कंसात. नंतर फाईलमध्ये कंस शोधला, की सगळ्या नोंदी सापडतात.

एखादा दिवस बुडणारच. पाहुणे येतील, ताप येईल. बुडालेले शब्द दुसऱ्या दिवशीच्या खात्यावर चढवू नका. 300 चे 600 होतात, 600 चे 900, आणि मग माणूस वहीकडे बघायलाच घाबरतो. उद्याचे 300 म्हणजे 300.

आणि हो, अर्धवट खर्डा कुणाला वाचायला देऊ नका. "छान आहे" ऐकलंत तरी तुम्ही त्याच पानांवर रेंगाळाल, आणि "कंटाळवाणं आहे" ऐकलंत तर संपलंच.

पहिला खर्डा पूर्ण झाला की फाईल निदान महिनाभर बंद ठेवा. त्यानंतर कंसातल्या त्या सगळ्या नोंदींचं काय करायचं, ते पुढच्या व्हिडिओत.