दीक्षेचे गोत : अटलांटिकपलीकडची ओरिशा-उपासना

सभ्य स्त्रीपुरुषहो,

नैऋत्य नायजेरिया आणि त्याला लागून असलेला बेनिनचा पट्टा ही योरुबा लोकांची मूळ भूमी. त्यांची दैवते, म्हणजे ओरिशा, आज ब्राझीलमधील कांदोंब्लेत, क्यूबातील लुकुमी किंवा सांतेरिया या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या पंथात, त्रिनिदादमध्ये आणि न्यूयॉर्क-मायामीसारख्या शहरांतही पुजली जातात. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांजवळ ग्रंथ नव्हते, देवळे नव्हती, राजाश्रय तर नव्हताच. मग ही उपासना टिकली कशी, असे विचारले की एक ठरावीक उत्तर मिळते : त्यांनी आपली दैवते कॅथलिक संतांच्या मूर्तींमागे लपवली. हे उत्तर खोटे नाही, पण मला ते फार अपुरे वाटते. या लोकांचे खरे मोठे काम असे, की कुळे तुटल्यावर त्यांनी दीक्षेच्या आधारे नवी कुळे उभी केली.

मूळ भूमीत ओरिशाची उपासना बहुतांशी कुळाशी, नगराशी किंवा राजघराण्याशी बांधलेली होती. मेघगर्जनेचा देव शांगो हा ओयो या बलाढ्य योरुबा राज्याचा एक प्राचीन राजा मानला जाई आणि ओयोच्या सत्तेबरोबर त्याची उपासना पसरली. ओशुन ही ओशोग्बोजवळून वाहणाऱ्या तिच्याच नावाच्या नदीची, येमोजा अबेओकुटाकडच्या ओगुन नदीची, तर शिकारी ओशोसी केतू राज्याचा. आपल्याकडचे कुलदैवत आणि ग्रामदैवत यांचे माणसाशी असलेले नाते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही रचना लगेच उमगेल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओयोचे साम्राज्य कोसळले. इलोरिनचा सेनापती अफोंजा याचे बंड, त्यापाठोपाठ आलेला फुलानी या मुस्लिम समाजाचा जिहाद आणि मग योरुबा राज्यांमधली दीर्घ युद्धे यांत पकडलेली असंख्य माणसे किनाऱ्यावरच्या बंदरांतून विकली गेली. आणि नेमक्या त्याच काळात ब्राझीलमधील बाहिया प्रांत आणि क्यूबा येथील उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. ब्राझीलमध्ये ही आयात १८५० पर्यंत चालली, क्यूबात त्यानंतरही काही वर्षे. परस्परांशी लढलेल्या राज्यांची माणसे अशा रीतीने बाहियाची राजधानी साल्व्हादोर आणि क्यूबातील हवाना या शहरांत एकमेकांशेजारी येऊन पडली. ब्राझीलमध्ये त्या सर्वांना नागो म्हणू लागले, क्यूबात लुकुमी.

येथे जे घडले ते मूळ भूमीत सहसा घडत नसे. साल्व्हादोरच्या तेर्रेइरोत, म्हणजे उपासनागृहात, वेगवेगळ्या नगरांचे ओरिशा एकाच कुंपणात राहू लागले. सार्वजनिक उत्सवात सर्वांना ठरलेल्या क्रमाने आवाहन होते : वाटांचा आणि संदेशांचा अधिपती एशू याला सर्वांच्या आधी नैवेद्य, आणि शेवटी श्वेतवस्त्रधारी ओशाला. क्यूबात तर दीक्षितास स्वतःच्या मुख्य दैवताबरोबर आणखी काही ओरिशाही विधिपूर्वक दिले जातात. विखुरलेल्या कुळांचा वारसा एकेका माणसाच्या हाती सोपवण्याची ही योजना होती, असे मला वाटते.

दीक्षा म्हणजे या परंपरेत दुसरा जन्म. बाहियात उमेदवार कित्येक दिवस एकांतात राहतो, डोक्यावरचे केस उतरवले जातात, गाणी, नृत्ये आणि निषिद्धे शिकवली जातात, आणि शेवटी त्याचे नवे नाव सर्वांसमोर उच्चारले जाते. क्यूबात नवदीक्षित वर्षभर पांढरी वस्त्रे नेसतो. ज्येष्ठता वयावरून मोजत नाहीत, दीक्षेच्या वर्षांवरून मोजतात; त्यामुळे साठीचा नवशिका विशीतल्या जुन्या दीक्षितापुढे दंडवत घालतो, आणि त्यात कोणालाच कमीपणा वाटत नाही. क्यूबात प्रत्येक विधीच्या आरंभी जी प्रार्थना म्हणतात, तिच्यात आपल्या दीक्षा-परंपरेतील दिवंगतांची नावे एकामागून एक घेतली जातात. ज्या माणसांना आपल्या आजोबांचे नावही ठाऊक राहू नये अशी व्यवस्था मळेमालकांनी केली होती, त्यांच्या वंशजांनी ही नामावली तोंडपाठ जपली आहे.

हे नवे गोत रक्तावर किती कमी अवलंबून होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे एउजेनिया आन्ना दोस सांतोस, ज्यांना सारे बाहिया माय आनिन्या म्हणून ओळखते. साल्व्हादोरमधील काझा ब्रांका या जुन्या घराच्या परंपरेतून बाहेर पडून त्यांनी १९१० मध्ये इले आशे ओपो अफोंजा हे तेर्रेइरो स्थापन केले. नागो परंपरेच्या शुद्धतेबद्दल त्या विलक्षण दक्ष होत्या. त्यांचे आईवडील मात्र योरुबा नव्हते, ग्रुन्सी या वेगळ्याच आफ्रिकी समाजाचे होते. योरुबा असणे ही जन्माची नव्हे तर अंगीकाराची गोष्ट झाली होती. पुढे काळ्यांबरोबर मिश्रवर्णी आणि गोरेही या घरांची लेकरे झाली.

ही परंपरा नव्या मातीत रुजवताना वनस्पतींचा प्रश्न फार मोठा होता. ‘को सी एवे, को सी ओरिशा’, म्हणजे पान नाही तर ओरिशा नाही, असे योरुबात म्हणतात. कारण प्रत्येक स्नानाला, प्रत्येक दीक्षेला विशिष्ट पाने लागतात. इरोको वृक्ष बाहियात नव्हता, तेव्हा त्याचे स्थान गामेलेइरा या वडाच्या जातकुळीतल्या वृक्षाला मिळाले. क्यूबात कौल लावण्यासाठी कोला फळाऐवजी नारळाचे चार तुकडे टाकू लागले आणि त्यांची पांढरी बाजू वर आली की काळी, यावरून उत्तर वाचू लागले. आणि पोर्तुगिजांनी भारतातून ब्राझीलला नेलेले आपले फणसाचे झाड साल्व्हादोरच्या काही तेर्रेइरोंत अपाओका या नावाने, खोडाला वस्त्र नेसवून पुजले जाते. गोव्याच्या आणि बाहियाच्या इतिहासातील हा धागा मराठी माणसाने जाणून घ्यावा असा आहे.

आता संतांविषयी. सेंट बार्बारा क्यूबात शांगोशी जोडली गेली. बाहियात तीच वादळाची देवी यान्सां हिच्याशी जोडली गेली. निव्वळ मुखवटाच हवा होता असे मानले, तर या जोडण्यांमागचा विचार दिसेनासा होतो. विजेशी, लाल रंगाशी, तलवारीशी असलेली सांगड लोकांनी ठिकठिकाणी आपापल्या समजुतीने घातली, आणि अनेकजण चर्चमध्येही मनापासून जात राहिले. मात्र १९८३ मध्ये, ओपो अफोंजाच्या तत्कालीन प्रमुख माय स्तेला यांनी साल्व्हादोरमधील इतर ज्येष्ठ प्रमुख स्त्रियांसह जाहीर निवेदन काढले, की यान्सां म्हणजे सेंट बार्बारा नव्हे. गुलामगिरीत जी तडजोड करावी लागली, ती पुढे चालवण्याचे कारण उरलेले नाही. सर्व घरांनी हे मान्य केले नाही. मला माय स्तेलांची भूमिका पटते, पण न मानणाऱ्यांची भक्ती उसनी होती असे म्हणायला मी धजणार नाही.

या निवेदनामागची वेदना समजण्यासाठी एवढेच लक्षात घ्यावे, की बाहियातील तेर्रेइरोंना १९७६ पर्यंत पोलिसांकडे नोंदणी करावी लागत होती. रिओ द जानेरोत पोलिसांनी छाप्यांत जप्त केलेल्या पूजावस्तू अनेक दशके पोलिसांच्याच संग्रहालयात ‘काळी जादू’ म्हणून पडून होत्या; उपासकांच्या दीर्घ लढ्यानंतर २०२० मध्ये त्या प्रजासत्ताक संग्रहालयाकडे सुपूर्द झाल्या. अमेरिकेत फ्लोरिडातील हायालिया शहराने पशुबळीवर बंदी घातली, तेव्हा लुकुमी उपासकांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली आणि १९९३ मध्ये त्या न्यायालयाने एकमताने ते नियम रद्द ठरवले. पण कायद्याने सगळे मिटत नाही. माय जिल्दा या बाहियातील तेर्रेइरोच्या प्रमुख होत्या. एका इव्हँजेलिकल चर्चच्या वृत्तपत्राने त्यांचे छायाचित्र बदनामीकारक मजकुरासह छापले, त्यानंतर त्यांचा छळ झाला, आणि २१ जानेवारी २००० रोजी त्यांचा मृत्यू झाला. तो दिवस आज ब्राझीलमध्ये धार्मिक असहिष्णुतेविरुद्धचा राष्ट्रीय दिन आहे.

सर्व शाखांनी सारखाच वारसा जपला, असेही नाही. १६ ताडबियांनी किंवा साखळीने २५६ ओदूंपैकी, म्हणजे कौलाच्या चिन्हांपैकी, एक काढून त्यातील कथा आणि श्लोक सांगणारे इफाचे विद्वान, म्हणजे बाबालावो, क्यूबात पुरुषांच्या भक्कम परंपरेने टिकले. बाहियात ती परंपरा क्षीण झाली आणि कौल कवड्यांवर, म्हणजे बहुतांशी घरप्रमुख स्त्रियांच्या हाती आला. बाहियातील थोर घरांची सत्ता स्त्रियांकडे असण्याचे हे एक कारण आहे, असे मी मानतो.

आणि या घरांत वारसदारही कौलानेच ठरतो. प्रमुख निवर्तली की वर्षभर अशौच पाळतात, त्या काळात सार्वजनिक उत्सव होत नाहीत, आणि मग कवड्या टाकून दैवतालाच विचारले जाते, की पुढची कोण. डिसेंबर २०१८ मध्ये माय स्तेला गेल्या, तेव्हा ओपो अफोंजानेही हाच क्रम पाळला आणि २०१९ च्या अखेरीस नव्या प्रमुखाचे नाव कवड्यांतून आले.