पूर्वमुखी प्लॉटचा उन्हाळा
रामराम मंडळी. आजकाल विदर्भात कोणत्याही तालुक्याच्या गावी जा, बायपासले लागून लेआउट पडलेलेच दिसतात, कालपरवापर्यंत कापूस होता त्या वावरात चुन्याच्या रेषा, सिमेंटचे खुंटे अन् समोर मोठी कमान. आज त्याच्यावरच बोलतो, काहून की घर नंतर सुधारता येते, पण रस्ता कोणीकडं पडला अन् नाला कुठं गेला हे एकदाच ठरते.

पूर्वमुखी प्लॉटचंच घ्या. त्याले भाव जास्त, म्हणून लेआउटवाला रस्ते उत्तर-दक्षिण पाडतो. आजूबाजूच्या भिंती शेजाऱ्याच्या घराले चिकटून, उघडी राहते पुढची अन् मागची, म्हणजे मागची भिंत सरळ पश्चिमेले. मे महिन्यात दुपारभर ती भिंत तापते अन् रात्री तेच घरात सोडते, मग लावा कुलर. रस्ते पूर्व-पश्चिम असते तर घरं उत्तर-दक्षिण तोंड करून राहिली असती, अन् नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, आपल्याकडं भर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावरच असते, त्या भिंतींवर ऊन कमीच पडते, उरला स्लॅब, त्याले चुना मारता येते. वास्तुवाले रागावतील, रागावू द्या.

दुसरं पाण्याचं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, अन् एकदा फुगली की पाणी आत घेतच नाही, ते वाहतेच. तरी नाला मुरूम टाकून बुजवतात अन् त्याच्यावर प्लॉट विकतात! जुलैत पाणी आपली जुनी वाट शोधत कोणाच्या तरी हॉलमध्ये येते.

जर्मनीत फ्रायबुर्ग शहरात वोबां म्हणून वस्ती आहे, 1992 मध्ये फ्रेंच सैन्य निघून गेलं त्या छावणीच्या जागेवर वसवलेली. तिथं जुनी झाडं राखली, पावसाचं पाणी मुरवायले उथळ चर ठेवले, गाड्या वस्तीच्या कडेले. त्याची नक्कल आपल्याकडं तशीच चालणार नाही, काळ्या मातीत नुसता चर म्हणजे डबकं, अन् ते पायव्याजवळ असलं तर भिंतीले तडे. खड्डा खाली मुरूम लागेपर्यंत न्यावा लागते, अन् घरापासून दूर.

अन् ओपन स्पेस. मोठ्या लेआउटले 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते, ती बहुतेक जागी कोणी घेत नाही अशा तिरप्या कोपऱ्यात ढकलतात, वरून सिमेंटचे गट्टू बसवतात. तीच जागा नाल्याच्या काठानं, सखल भागात धरली, कडुनिंब-करंज लावले, तर पाणीही तिथंच थांबते अन् सावलीही होते. बयाणा द्यायच्या आधी मंजूर नकाशा मागा, अन् एक चक्कर भर पावसात मारून या, प्लॉट कोरडा आहे का पाहायले.