आजीनं चिकटवलेल्या टिकल्या

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरी पुढच्या खोलीत काचेचं शोकेस होतं. त्यात गोकाकची लाकडी केळी नि पेरू, सौंदत्तीच्या जत्रेतून आणलेला, आत दिवा लागणारा प्लास्टिकचा ताजमहाल. वर भिंतीवर लक्ष्मीची तसबीर. तिच्या लुगड्यावर आजीनं दुपारभर बसून डिंकानं टिकल्या आणि जरीचे तुकडे चिकटवले होते.

पुढं शिकायला बाहेर गेले, तेव्हा या सगळ्याला एक शब्द आहे असं कळलं: किच. एकोणिसाव्या शतकात म्युनिकच्या चित्रबाजारात स्वस्त, पटकन खपणाऱ्या चित्रांना हे नाव पडलं. १९३९ साली क्लेमंट ग्रीनबर्ग या अमेरिकन समीक्षकानं लिहिलं की किच गिऱ्हाइकाकडं पैशांखेरीज काहीच मागत नाही, भावनासुद्धा तयार मिळते. ते वाचून मला आजीच्या तसबिरीची लाज वाटली. पुष्कळ वर्षं वाटत राहिली. ती माझी चूक होती.

कारण ती तसबीर राजा रविवर्म्याच्या चित्राची. १८९४ मध्ये त्यानं मुंबईत छापखाना काढला. दगडावरून एकेका रंगाचा वेगळा ठसा घेत एकच चित्र घरोघर गेलं. ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते, त्यांच्याही भिंतीवर लक्ष्मी आली. छापील मालच तो. पण टिकल्या लागल्या आणि आमच्या लक्ष्मीसारखी दुसरी कुठंच उरली नाही.

आज गणपतीच्या दिवसांत खडेबाजारातून चाला. फ्लेक्सवर सगळे चेहरे सारखेच तुकतुकीत, मागं तेच ढग. वाढदिवस असो की श्रद्धांजली, मांडणी तीच. पूर्वी आपल्याकडचे पेंटर एकाच हातानं मराठी आणि कन्नड पाट्या रंगवायचे; कन्नडचा गोलवा त्यांच्या मराठी अक्षरांतही उतरायचा. आता बेळगावात जे अक्षर, तेच निपाणीत. भडकपणाबद्दल माझी तक्रार नाही, बेंदराला रंगवलेली बैलांची शिंगंही भडकच असतात. पण ती घरच्या माणसानं रंगवलेली असतात. फ्लेक्सवर आपला हात लागायला जागाच नाही, हे मला खुपतं.

आमच्या घरच्या ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाची तयार चित्रं येतात. परवा आतेनं दारातल्या जास्वंदीचा फोटो काढला आणि त्यावर बोटानं, गडद गुलाबी रंगात, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, ‘उठलासा काय?’ तो फोटो मी जपून ठेवलाय.