नाइट गार्ड, घोरणे आणि मणका: तोंडातले उपकरण नेमके काय करते?

नमस्कार. नाशिकच्या गंगापूर रोडवरील माझ्या दवाखान्यातून मी आपल्याशी बोलत आहे. माझ्या डाव्या हातात आहे ते नाइट गार्ड, म्हणजे झोपेत दात खाणाऱ्यांच्या दातांवर बसवायचे स्प्लिंट. उजव्या हातात आहे ते खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे उपकरण. दोन्ही पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची आणि दोन्ही रात्री घालायची असल्यामुळे पुष्कळ जण ती एकच समजतात.

हे स्प्लिंट जवळून पाहा. दाढांच्या जागी दिसणारे चकचकीत खळगे सातपूरच्या कारखान्यात पाळीवर काम करणाऱ्या एका गृहस्थांनी झोपेत दात खाऊन पाडले आहेत. जी झीज दातांना सोसावी लागली असती, ती या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या थराने सोसली. मात्र महिन्याभराने त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "डॉक्टर, दातांचा करकर आवाज थांबला, पण घोरणं वाढलंय आणि मध्येच श्वास थांबतो हो." स्प्लिंट देण्यापूर्वी मी घोरण्याविषयी विचारलेच नव्हते, ही माझी चूक होती.

असे का होते, ते स्वतःच करून पाहा. मुद्दाम घोरल्यासारखा आवाज काढा आणि तो काढत असतानाच खालचा जबडा शक्य तितका पुढे न्या. आवाज काढणे अवघड होते, कारण जिभेचा मोठा स्नायू हनुवटीच्या हाडाला आतून जोडलेला असतो; जबडा पुढे आला की जीभही पुढे ओढली जाते आणि घशाची वाट मोकळी होते. उजव्या हातातले उपकरण हेच काम रात्रभर करते. साधे स्प्लिंट जबडा पुढे आणत नाही. ते तोंड किंचित उघडे ठेवते, आणि तोंड उघडताना जबडा खाली व मागे फिरतो, तेव्हा जिभेलाही मागे सरकायला वाव मिळतो. 2004 साली स्लीप अ‍ॅप्नियाच्या, म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडण्याच्या आजाराच्या, 10 रुग्णांवर केलेल्या एका छोट्या अभ्यासात स्प्लिंट घातल्यावर निम्म्या रुग्णांचा त्रास 50 टक्क्यांहून अधिक वाढलेला आढळला.

म्हणून आधी झोपेची चाचणी करावी. श्वास अडण्याचे प्रसंग तासाला 5 ते 15 असतील तर आजार सौम्य, 15 ते 30 असतील तर मध्यम आणि त्याहून अधिक असतील तर तीव्र मानला जातो. तीव्र आजारात सी-पॅपचाच, म्हणजे मुखवट्यातून दाबाने हवा देऊन घशाची वाट उघडी ठेवणाऱ्या यंत्राचाच, विचार आधी करावा लागतो.

आता मणक्याविषयी. ताठ बसून दात हलकेच टेकवा आणि मान मागे झुकवा, मग पुढे. दात टेकण्याची जागा बदललेली जाणवेल. मानेच्या ठेवणीचा चाव्यावर, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात त्यावर, परिणाम होतो, हे खरेच आहे. पण स्प्लिंटने चावा बदलला की पाठीचा कणा सरळ होतो किंवा पायांच्या लांबीतला फरक जातो, या दाव्याला भक्कम पुरावा नाही. कंबरदुखीसाठी कोणी हजारो रुपयांचे स्प्लिंट सुचवले, तर मला त्या रुग्णाची मनापासून काळजी वाटते.

त्या गृहस्थांची चाचणी झाली, आजार मध्यम निघाला आणि आता ते जबडा पुढे धरणारे उपकरण वापरतात. सकाळी काही वेळ त्यांचा जबडा अवघडलेला असतो. वर्षानुवर्षांच्या वापराने दातही हळूहळू सरकू शकतात, म्हणून दर सहा महिन्यांनी मी त्यांच्या वरच्या व खालच्या पुढच्या दातांमधले अंतर मोजतो आणि पहिल्या दिवशीच्या प्लॅस्टरच्या साच्याशी ताडून पाहतो.